फुप्फुसे काढल्यावर जे उरते: छातीच्या मधल्या पोकळीच्या मॉडेलचे परीक्षण

छातीचे कोणतेही मॉडेल हातात आले की मी सर्वप्रथम त्याची दोन्ही फुप्फुसे काढून बाजूला ठेवते आणि मध्ये काय उरते ते पाहते. बहुतेक मॉडेलांत मध्ये एक हृदय उरते, त्याच्यामागे एक नळी उरते आणि बाकी मोकळी हवा असते. खऱ्या शरीरात तसे नसते. दोन फुप्फुसांच्या पिशव्यांमध्ये, समोर उरोस्थी (छातीचे मधले हाड) आणि मागे पाठीचे मणके, वर गळ्याकडे उघडणारे छातीचे तोंड आणि खाली श्वासपटल (छाती व पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा), एवढ्या जागेला मेडियास्टिनम म्हणतात. आपण तिला सोयीसाठी मधली पोकळी म्हणतो खरे, पण तिथे बोट शिरेल एवढीही रिकामी जागा नसते. हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासनलिका, अन्ननलिका, चेता (नसा), लसिका (लिम्फ) ग्रंथी आणि त्यांच्या सांदीसपाटीत भरलेली चरबी असा तो दाटीवाटीचा वाडा आहे, आणि त्या वाड्यात कोण कोणाच्या पुढे, मागे किंवा पोटाखाली राहतो हे कळणे म्हणजेच हा विषय कळणे. ही ओळख करून देणे, एवढ्या एकाच कसोटीवर मी हे मॉडेल तपासले आहे.

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींना शरीररचना शिकवते. आमच्या मुलींना शवविच्छेदन स्वतः करावयाचे नसते. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी विच्छेदनगृह असते, तेथे भेट देऊन पाहता येते, पण त्या भेटीत चाळीस मुली एका टेबलाभोवती उभ्या असतात आणि मागच्या रांगेला पुढच्या रांगेच्या वेण्याच दिसतात. त्यामुळे वर्गात हाताळता येईल, सुटे करून पुन्हा जुळवता येईल असे मॉडेल लागते. आमच्या जुन्या मॉडेलचे हृदय २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरच्या कपाटात चार दिवस पाण्यात राहिले, आणि तेव्हापासून त्याची डावी बाजू हिरवट दिसते. नवीन घेणे भागच होते.

सांगली आणि मिरज यांच्यामधल्या रस्त्याला वैद्यकीय साहित्याच्या दुकानांची कमतरता नाही. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केल्यापासून हे गाव रुग्णांचे गाव झाले. आजही कर्नाटकाच्या सीमेपलीकडून माणसे आगगाडीने उपचारासाठी येथे येतात, आणि दवाखान्यांच्या मागोमाग वॉकर, कमरेचे पट्टे, रक्तदाबाची यंत्रे विकणारी दुकाने येणारच. मी ज्या दुकानात गेले त्याच्या मागच्या खोलीत सांगाडे आणि मॉडेले ठेवलेली आहेत. दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे एक तक्रारही आहे. मालकांची एक गोष्ट मात्र मला आवडली. त्यांनी खोका फोडून सगळे भाग टेबलावर मांडले आणि म्हणाले, "मॅडम, सगळं निघतंय आणि सगळं बसतंय. काढून बघा की." चौदा भागांच्या वस्तूचा व्यवहार न उघडलेल्या खोक्यावर करू नये, हे त्यांना ठाऊक होते. किंमत ९,२०० रुपये पडली.

मॉडेल पीव्हीसीचे आहे, काळ्या लाकडी पाटावर उभे केलेले, आणि विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे मानवी आकाराचे. मी फीतपट्टीने हृदय मोजले. तळापासून टोकापर्यंत ते साडेबारा सेंटीमीटर भरले. प्रौढ माणसाचे हृदय सुमारे बारा सेंटीमीटर लांब असते, तेव्हा हा दावा खरा मानायला हरकत नाही. समोरची भिंत, म्हणजे उरोस्थी आणि बरगड्यांच्या कूर्चा (लवचिक टोके), एका ढालीसारखी एकसंध निघते. त्यामागे दोन फुप्फुसे, मग हृदय, मग मोठ्या वाहिन्यांचा गुच्छ, आणि शेवटी मणक्यांच्या कण्याला चिकटलेला मागचा भाग. खाली श्वासपटलाचा तुकडा आहे. भाग लोहचुंबकांनी आणि प्लास्टिकच्या खुंट्यांनी बसतात.

ढाल उचलण्याआधी ती उलटी करून पाहावी, अशी माझी सूचना आहे, कारण या मॉडेलमधील सर्वात मन लावून केलेले काम तेथे आहे. उरोस्थीच्या दोन्ही कडांपासून साधारण सव्वा सेंटीमीटर अंतरावर, कूर्चांच्या आतल्या अंगाला खाली उतरणाऱ्या दोन आंतरवक्षीय धमन्या लाल रंगाने काढलेल्या आहेत. बायपास शस्त्रक्रियेत डावीकडची हीच धमनी तिच्या जागेवरून सोडवून हृदयाच्या धमनीला जोडतात. बायपास झालेल्या रुग्णाची शुश्रूषा उद्या ज्या मुली करणार आहेत, त्यांना ही धमनी मुळात कुठे होती हे दाखवता येणे मला फार मोलाचे वाटते. महागड्या मॉडेलांतही ही आतली बाजू बहुधा कोरी असते.

त्याच ढालीच्या बाहेरच्या बाजूला उरोस्थीचा कोन, ज्याला लुईचा कोन म्हणतात, बोटाला स्पष्ट लागेल इतका उंचावलेला आहे. तेथे दुसऱ्या बरगडीची कूर्चा येऊन मिळते, आणि मॉडेलमध्येही ती बरोबर तेथेच मिळते. हा कोन बारकाईने तपासण्याचे कारण असे की छातीतील सगळा हिशोब येथून सुरू होतो. बरगड्या मोजायच्या तर पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडाखाली दडलेली असल्यामुळे हाताला लागत नाही, म्हणून मोजणी दुसरीपासून करायची. आणि या कोनापासून मागे चौथ्या वक्षीय (छातीच्या) मणक्याच्या खालच्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढली की मेडियास्टिनमचे वरचा आणि खालचा असे दोन भाग पडतात. महाधमनीची कमान याच पातळीवर सुरू होते, मागे वळून याच पातळीवर संपते, आणि श्वासनलिकाही येथेच दुभंगते. मॉडेल बनवणाऱ्याने मणक्यावर एक बारीक पांढरी खूण केली आहे, आणि ढाल बसवून बाजूने पाहिले तर कोन, कमानीची दोन्ही टोके व श्वासनलिकेचा दुभंग एका रेषेत येतात. वर्गात मी एक लांब पट्टी या रेषेवर आडवी धरते. मुलींना त्या एका पट्टीने जे कळते ते फळ्यावरच्या चार आकृत्यांनी कळत नाही.

वरच्या भागात मात्र पहिली चूक सापडली. महाधमनीच्या कमानीतून निघणाऱ्या तीन शाखा बरोबर आहेत: उजवीकडची जाड सामाईक शाखा जी पुढे उजव्या हाताला आणि मानेला वाटली जाते, मग डावी मानेची धमनी, मग डाव्या हाताची धमनी. त्यांच्यासमोरून येणाऱ्या दोन शिरा, ज्या मिळून ऊर्ध्व महाशिरा तयार होते, त्या मात्र सारख्याच लांबीच्या आणि इंग्रजी वाय अक्षरासारख्या समान काढल्या आहेत. प्रत्यक्षात ऊर्ध्व महाशिरा मधोमध नसून उजवीकडे असते. त्यामुळे उजवी शिर जेमतेम अडीच सेंटीमीटरची आणि जवळपास उभी, तर डावी सुमारे सहा सेंटीमीटरची, उरोस्थीच्या मुठीमागून तिरपी, कमानीच्या तिन्ही शाखा ओलांडून उजवीकडे जाणारी असते. ही चूक क्षुल्लक नाही. मानेतील शिरेतून हृदयाकडे नळी घालताना उजवी बाजू का पसंत करतात, याचे अर्धे उत्तर या लांबीत आणि वळणात आहे. साच्याला समरूपता सोपी पडते म्हणून शरीर समरूप दाखवणे मला पटत नाही. मॉडेल बनवणारे आणि देवळाचे खांब कोरणारे यांच्यात काहीतरी फरक असला पाहिजे.

थायमस ग्रंथी या मॉडेलमध्ये नाही. बालपणी ती उरोस्थीमागे ऐसपैस पसरलेली असते आणि वयात आल्यानंतर आक्रसून तिची जागा बरीचशी चरबी घेते. मॉडेल प्रौढाचे असल्यामुळे हा दोष मी धरत नाही.

आता मुख्य तक्रार. या मॉडेलमध्ये हृदयावरण, म्हणजे हृदयाभोवतीची दुपदरी पिशवी, नाही. अगदी नावालाही नाही. हृदय एका खुंटीवर अधांतरी बसते आणि चिमटीत धरून उचलले की सफरचंदासारखे हातात येते. मेडियास्टिनमच्या खालच्या भागाची पुढचा, मधला आणि मागचा अशी जी विभागणी आपण शिकवतो, ती हृदयावरणाच्याच आधाराने केलेली आहे: त्याच्या पुढे तो पुढचा, त्याच्या आत तो मधला, त्याच्या मागे तो मागचा. मग हृदयावरणच नसेल तर ही विभागणी विद्यार्थिनीने कशावर टांगायची? शिवाय त्याचे बाहेरचे चिवट तंतुमय आवरण खाली श्वासपटलाच्या मधल्या स्नायुबंधाशी एकजीव झालेले असते, म्हणून खोल श्वास घेतला की हृदय श्वासपटलाबरोबर खाली सरकते. मॉडेलमध्ये हृदय आणि श्वासपटल यांच्यात तीन सेंटीमीटरची फट आहे, जिच्यातून पलीकडचा पंखा दिसतो.

हृदयावरण रुग्णशय्येपाशी किती महत्त्वाचे असते हे सांगितल्यावाचून ही तक्रार पुरी होत नाही. त्याच्या दोन नितळ पदरांमध्ये एरवी १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो, तेवढाच वंगणापुरता. बाहेरचे आवरण चटकन ताणले जात नाही. त्यामुळे अपघातात किंवा शस्त्रक्रियेनंतर तेथे अचानक दीडदोनशे मिलिलिटर रक्त साचले तरी हृदयाला पसरायला जागा उरत नाही, ते पुरेसे भरत नाही आणि रक्तदाब कोसळतो. तोच द्रव क्षयरोगासारख्या आजारात आठवडेच्या आठवडे सावकाश साचला, तर आवरण हळूहळू ताण सोसते आणि एक लिटरहून अधिक द्रवही सामावते. म्हणजे किती साचले यापेक्षा किती वेगाने साचले हे निर्णायक ठरते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर उरोस्थीमागे ठेवलेल्या निचऱ्याच्या नळीतून येणारे रक्त अचानक थांबले तर परिचारिकेने निश्चिंत न होता सावध का व्हायचे, हे यावरून समजते. नळी गुठळीने तुंबली असेल तर रक्त बाहेर न येता आतच साचत असते. हे सगळे हृदयावरणाशिवाय, रिकाम्या खुंटीकडे बोट दाखवून शिकवावे लागते.

मी तात्पुरता उपाय केला. आपल्याकडे भडंगाच्या पिशव्यांना तोटा नाही. अर्धा किलोची एक रिकामी, पारदर्शक पिशवी धुऊन वाळवली, तोंड चिकटवून बंद केले आणि त्या बंद पिशवीच्या एका अंगात मॉडेलचे हृदय मागून दाबून बसवले. हृदयाला लागलेला पिशवीचा पदर म्हणजे आतला पदर, बाहेर राहिलेला तो बाहेरचा, आणि मधली फट म्हणजे ती द्रवाची जागा. हृदय पिशवीच्या आत नसते, पिशवीत बाहेरून खुपसलेले असते, ही एरवी डोक्यात न शिरणारी गोष्ट मुलींना पाच मिनिटांत उमगली. तेव्हा या तक्रारीवर तोडगा आहे, पण तो माझ्या खर्चाने आणि भडंगवाल्याच्या कृपेने.

एक गंमत मात्र कबूल केली पाहिजे. हृदयावरण नसल्यामुळेच या मॉडेलमध्ये महाधमनी आणि फुप्फुस धमनी या दोघींच्या मागून आणि ऊर्ध्व महाशिरेच्या पुढून तर्जनी आरपार जाते. खऱ्या हृदयातही अगदी येथेच हृदयावरणाची आडवी खाच असते, आणि शस्त्रक्रियेत या वाटेने त्या दोन्ही मोठ्या धमन्यांभोवती फीत किंवा चिमटा घालता येतो. माझ्या एका विद्यार्थिनीने बोट घातले आणि ते दुसऱ्या बाजूने बाहेर आलेले पाहून ती दचकली. ही जागा ती विसरणार नाही.

मागच्या भागाकडे वळते, आणि येथे मॉडेलला मोकळ्या मनाने दाद देते. हृदय काढून घेतल्यावर अन्ननलिका डाव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याच्या) थेट मागे लागलेली दिसते. चित्रात नेहमी हृदय समोरून दाखवलेले असल्यामुळे डावे अलिंद डावीकडे असते असा समज पक्का होतो. वास्तविक ते हृदयाचा मागचा भाग व्यापते, आणि त्याच्यात व अन्ननलिकेत हृदयावरणापलीकडे फारसे काही नसते. म्हणूनच अन्ननलिकेत सोनोग्राफीची नळी उतरवून अलिंदातील गुठळ्या जवळून पाहता येतात. म्हणूनच लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची डावी झडप अरुंद झाली आणि अलिंद फुगले, तर काही रुग्णांना घास गिळताना अडकल्यासारखे वाटते. मॉडेलमध्ये अन्ननलिकेच्या पुढच्या अंगावर अलिंदाचा उथळ ठसाही उमटवला आहे. तो साच्यात चुकून आला असेल असे आधी वाटले, पण कमानीपाशी आणि डाव्या श्वसनीपाशीही (श्वासनलिकेच्या डाव्या फाट्यापाशीही) असेच ठसे आहेत, तेव्हा हे जाणूनबुजून केलेले काम आहे. गिळलेले नाणे या अरुंद जागांपैकी एखादीपाशी अडकू शकते.

श्वासनलिकेचा दुभंगही उत्तम आहे. उजवी श्वसनी अडीच सेंटीमीटरच्या आसपास, रुंद आणि उतरती; डावी जवळपास पाच सेंटीमीटरची, अरुंद, अधिक आडवी आणि महाधमनीच्या कमानीखालून जाणारी. शेंगदाणा खाता खाता हसलेल्या मुलाच्या श्वासात दाणा गेला तर तो बहुधा उजवीकडे का उतरतो, हे समजावताना मी प्रत्यक्ष एक शेंगदाणा वरून सोडला. तो उजवीकडेच गेला. दुसराही उजवीकडे गेला. तिसरा मात्र अडकून बसला आणि तो काढायला हेअरपिन लागली, तेव्हा हा प्रयोग दुसऱ्यांनी जपून करावा.

मणक्यांपुढून महाधमनी डावीकडून हळूहळू मध्यावर येत खाली उतरते, तिच्या उजवीकडे निळी अझायगस शिर वर चढते आणि उजव्या फुप्फुसाच्या देठावरून (जेथे श्वसनी व वाहिन्या फुप्फुसात शिरतात) पुढे वळून ऊर्ध्व महाशिरेला मिळते. हे वळण मी पाहिलेल्या इतर मॉडेलांपेक्षा येथे ठळक आहे. या दोघींच्या मध्ये पिवळसर पांढऱ्या रंगाची लसिकावाहिनी, म्हणजे थोरॅसिक डक्ट, काढलेली आहे. सुरुवात चांगली आहे: बाराव्या मणक्यापाशी महाधमनीच्या वाटेनेच ती श्वासपटलातून वर येते. पण पुढे ती तशीच सरळ उजव्या अंगाने चढत जाते आणि श्वासनलिकेमागे कोठेतरी रंग संपल्यासारखी नाहीशी होते. वस्तुतः पाचव्या मणक्याच्या सुमारास ती डावीकडे ओलांडते आणि मानेच्या तळाशी डाव्या बाजूच्या दोन मोठ्या शिरांच्या संगमात रिकामी होते. उजवा हात आणि डोके, मान व छातीची उजवी बाजू एवढे सोडले तर बाकी सर्व शरीरातील लसिका हिच्यातून जाते. एवढ्या महत्त्वाच्या वाहिनीला मध्येच सोडून देणे म्हणजे कृष्णेचे पाणी नृसिंहवाडीपर्यंत आणायचे आणि तेथे नकाशाच संपवायचा. मी एका मुलीच्या नखपॉलिशने उरलेला रस्ता रंगवून घेतला.

चेतांच्या बाबतीत मॉडेल अर्धे बरोबर, अर्धे आळशी आहे. श्वासपटल हलवणारी फ्रेनिक चेता फुप्फुसाच्या देठापुढून आणि मेंदूतून छाती-पोटाकडे उतरणारी व्हेगस चेता देठामागून जाते, हा नियम दोन्ही बाजूंना पाळला जायला हवा. डावीकडे पाळला आहे. उजवीकडे व्हेगस काढलेलीच नाही. डाव्या व्हेगसपासून फुटणारी स्वरयंत्राची परतणारी चेता मात्र आहे, आणि ती महाधमनीच्या कमानीखालून, गर्भावस्थेतील वाहिनीच्या अवशेषालगत वळसा घालून पुन्हा वर गळ्याकडे जाते. उजवीकडची तिची जोडीदार हा वळसा वरच, उजव्या हाताच्या धमनीभोवती घालते आणि छातीत उतरतच नाही. त्यामुळे घसा तपासून काही न सापडलेल्या, आवाज बराच काळ बसलेल्या रुग्णाच्या छातीचे चित्र डॉक्टर का मागवतात, हे डावीकडच्या त्या वळणावर बोट ठेवून सांगता येते. डावीकडच्या फुप्फुसाच्या देठाजवळची गाठ किंवा फुगलेली कमान त्या चेतेला दाबत असू शकते.

श्वासपटलातील तीन वाटा जागच्या जागी आहेत: अधो महाशिरेची आठव्या मणक्याच्या पातळीवर, अन्ननलिकेची दहाव्या आणि महाधमनीची बाराव्या. यकृतामुळे उजवा घुमट उंच असायला हवा, तो येथे डाव्याएवढाच आहे.

घरी आणल्यावर मी एक जुनी, निरोगी छातीची एक्स-रे फिल्म खिडकीच्या काचेवर लावली आणि तिच्यापुढे मॉडेल उभे केले. हृदयाच्या सावलीच्या डाव्या कडेवर वरून खाली जे फुगवटे दिसतात, महाधमनीच्या कमानीचा गोल उभार, फुप्फुस धमनी, डाव्या अलिंदाचे टोक आणि मग डाव्या निलयाची (खालच्या कप्प्याची) लांब कड, ते चारही मॉडेलच्या बाह्यरेषेवर त्याच क्रमाने सापडले. उजव्या कडेवर ऊर्ध्व महाशिरा आणि उजवे अलिंद. बाह्यरेषा इतकी जुळणे हे साच्याच्या मूळ शिल्पकाराचे श्रेय आहे. रंगवणाऱ्याने मात्र त्याची साथ अर्ध्यावर सोडली, असे माझे मत झाले.

आता दुकानाच्या सेवेविषयी. पहिल्याच आठवड्यात हृदयाची खुंटी तुटली. मी परत गेले तेव्हा मालकांनी कुरकुर न करता दुसरी खुंटी बसवून दिली. पण मॉडेलसोबत येणारी क्रमांकांची यादी सदोष आहे. १४ आणि १५ हे क्रमांक उलटे झाल्यामुळे अझायगस शिरेला लसिकावाहिनी आणि लसिकावाहिनीला अझायगस शिर म्हटले गेले आहे, शिवाय २३ क्रमांक मॉडेलवर कोठेच नाही. हे दाखवले तेव्हा उत्तर मिळाले की यादी कंपनीकडून येते, आम्ही काय करणार. शिक्षकाने यादी तपासून घ्यावी हे मान्य, पण स्वतःच्या अभ्यासासाठी मॉडेल घेणाऱ्या विद्यार्थ्याला ही चूक कशी कळणार? बदलून द्यायला यादी नव्हती, आणि कंपनीला कळवतो म्हणाले त्यालाही आता दोन महिने झाले.

काही सहकारी सांगतात की एवढे पैसे घालण्यापेक्षा खाटकाकडून बोकडाचे हृदय, फुप्फुसे आणि नळ्या एकत्र आणाव्यात. मी तेही करते, दरवर्षी एकदा, आणि हृदयावरणाचा चिवटपणा बोटांना जाणवून देण्यासाठी त्याला पर्याय नाही. परंतु बोकड माणूस नव्हे, हे आधी सांगावे लागते. त्याच्या महाधमनीच्या कमानीतून तीन नव्हे तर एकच जाड खोड निघते आणि ते पुढे सगळीकडे वाटले जाते. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाकडे जाणारी श्वसनीही मुख्य दुभंगाच्या आधीच फुटते. बोकडावर शिकलेली मुलगी परीक्षेत माणसाची कमान एकशाखी काढून आली, तर दोष बोकडाचा नसतो. मोबाइलवरच्या त्रिमितीय चित्रांत चुका कमी असतात, मात्र काचेवर बोट फिरवताना कोण कोणामागे घट्ट बसले आहे हे हाताला कळत नाही.

घ्यावे की न घ्यावे, याचे माझे उत्तर शिकवणाऱ्याच्या विषयावर अवलंबून आहे. श्वासनलिका, अन्ननलिका, महाधमनीचा उतार आणि समोरच्या भिंतीची आतली बाजू शिकवायची असेल तर या किमतीत मी हे पुन्हा घेईन. केवळ हृदय शिकवायचे असेल तर घेऊ नये, कारण याचे हृदय आतून उघडत नाही, झडपा दिसत नाहीत आणि आवरण तर नाहीच. घेताना दुकानातच चौदाही भाग मोजावेत, खुंट्या हलवून पाहाव्यात, आणि न्यायचे असेल तेव्हा हृदय काढून वेगळे गुंडाळावे. मी बसने विश्रामबागेला आणताना सगळे जुळवून आणले, आणि त्या खुंटीचा पहिला तडा बहुधा तेथेच गेला असावा.

दुरुस्त केलेली क्रमांकयादी मी मराठीत लिहून काढली आहे आणि तिच्या वीस झेरॉक्स प्रती त्याच दुकानात ठेवल्या आहेत. मालकांनी त्या गल्ल्याखालच्या खणात ठेवलेल्या मी स्वतः पाहिल्या. न मागता त्या कोणाला दिल्या जातील असे दिसत नाही, म्हणून हे मॉडेल घेणाऱ्याने त्या मागून घ्याव्यात.